मात्सुमोतोच्या डॉक्टरांची गोळी

कुठल्याही घरातला औषधांचा डबा उघडून पाहावा. तापाच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब, मुदत टळून गेलेले डोळ्यांचे थेंब, आणि या सगळ्याच्या तळाशी एखाद्या पट्टीत उरलेली एक गुलाबी किंवा पांढरी गोळी. ॲझिथ्रोमायसिन. नाव उच्चारताना जिभेला मुरड पडते, म्हणून आपण तिला 'ती तीन दिवसांची गोळी' म्हणतो. घसा धरला, घे. ताप उतरेना, घे. शेजारच्या वहिनींना गुण आला, म्हणून आपणही घ्यायची. २०१९ साली आपल्या देशाच्या खासगी बाजारात कोणती अँटिबायोटिके किती खपली, याचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिला नंबर हिचाच होता, ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा.

हीच गोळी काही माणसे आठवड्यातून तीनदा, सहा सहा महिने, वर्ष वर्ष घेतात. तीही जंतू मारण्यासाठी नव्हे. छातीच्या डॉक्टरांनी पूर्ण विचार करून लिहून दिलेली असते. जंतू मारायला जन्मलेले औषध जंतू न मारताही माणसाला बरे वाटायला लावते, हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटले, की डॉक्टर आपली समजूत काढताहेत. मग निवृत्त माणसाला जो एक रिकामा वेळ असतो, तो मी या गोळीच्या मागे लागून घालवला. हाती लागली ती गोष्ट एखाद्या कादंबरीत घातली असती, तर संपादकांनी 'योगायोग फार आहेत' म्हणून परत पाठवली असती.

या घराण्यातले पहिले औषध एरिथ्रोमायसिन. त्याचा जन्म मातीतला, आणि माती फिलिपिन्समधली. तिथल्या इलोइलो प्रांतात आबेलार्दो आग्विलार नावाचे डॉक्टर होते. १९४९ साली त्यांनी तिथल्या मातीचे नमुने अमेरिकेत एलाय लिली या औषध कंपनीकडे पाठवले. त्या काळात औषध कंपन्या जगभरातून माती गोळा करत. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनने सर्वांनाच आशा लावली होती, की पायाखालच्या मातीत राहणारे सूक्ष्मजीव एकमेकांशी लढण्यासाठी जी रसायने बनवतात, त्यातच आपली औषधे दडलेली आहेत. इलोइलोच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवाने असेच एक रसायन दिले. १९५२ साली ते जगासमोर आले. कंपनीने त्याचे बाजारातले नावही गावावरून ठेवले, 'इलोटायसिन'. गावाचे नाव झाले; आग्विलारांच्या हाती त्या मानाने काही पडले नाही, असे फिलिपिन्समध्ये अजून बोलले जाते. असो.

पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णांना हे औषध वरदान ठरले. त्याच्या रेणूत अणूंचे एक मोठे कडे असते, म्हणून या सगळ्या घराण्याला 'मॅक्रोलाइड' म्हणतात. तीसेक वर्षे ते एक साधे, गुणी, पोटाला जरा त्रास देणारे अँटिबायोटिक म्हणून नांदले. त्याच्याकडून कुणाची आणखी काही अपेक्षा नव्हती.

आता जपानकडे वळू. १९६९ साली तिथल्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या एका आजाराचे स्वतंत्र वर्णन केले. नाव लांबलचक आहे, 'डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस'. श्वासनलिकेला जशा फांद्या फुटतात, त्या फांद्यांना आणखी बारीक फांद्या, तसे होत होत शेवटी केसाएवढ्या नळ्या उरतात. या आजारात दोन्ही फुप्फुसांतल्या त्या टोकाच्या नळ्या सुजतात, कायमच्या. रुग्ण बहुधा मध्यमवयीन, पुष्कळदा आयुष्यात विडी-सिगारेट न ओढलेला. आधी नाकाच्या पोकळ्या भरलेल्या, मग खोकला, मग कफ. साधा कफ नव्हे. सकाळी उठल्यापासून भांडे जवळ ठेवावे लागे इतका. मग चालताना दम, मग बसल्या जागी दम. शेवटी त्या नळ्यांमध्ये 'स्यूडोमोनास' नावाचा चिवट जंतू घर करी आणि तो एकदा आला की डॉक्टरही नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलत. १९७०च्या दशकात निदान झालेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर १०० मागे ६३ उरत. हा आजार मुख्यतः पूर्व आशियातला, त्यामुळे बाकीच्या जगाला त्याचे सोयरसुतक नव्हते.

आणि मग तो रुग्ण आला. त्याचे नाव कुठे छापलेले नाही, आणि तेच बरे. डॉ. शोजी कुदो हे तोक्योतले छातीचे तज्ज्ञ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. या आजाराचा एक रुग्ण त्यांच्यासमोर आला, तो खंगलेला असायला हवा होता; पण तो चक्क सुधारला होता. कफ आटला होता, क्ष-किरणाचा फोटो निवळला होता. चौकशी केल्यावर कळले, की जपानच्या डोंगराळ भागातल्या मात्सुमोतो शहरात मियाझावा नावाचे एक साधे जनरल प्रॅक्टिशनर आहेत आणि ते त्याला रोज ६०० मिलिग्रॅम एरिथ्रोमायसिन देत आहेत. आठवडाभर नव्हे, दोन वर्षांहून अधिक काळ!

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. गावातल्या डॉक्टरने दोन वर्षे अँटिबायोटिक दिले, हे शहरातल्या मोठ्या डॉक्टरला कळल्यावर काय होते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. चिठ्ठी टेबलावर सरकवली जाते, कपाळाला आठी पडते, 'हे कुणी दिलं तुम्हाला?' असा प्रश्न येतो आणि औषध बंद होते. पुस्तकाप्रमाणे पाहिले, तर कुदो यांनी तेच करायला हवे होते. शिवाय ६०० मिलिग्रॅम ही मात्राही नेहमीच्या निम्मी. म्हणजे मात्रा कमी आणि मुदत अफाट. अँटिबायोटिकच्या बाबतीत करू नये म्हणतात ते दोन्ही एकदम. कुदो यांनी आठी घातली नाही. त्यांनी तेच औषध त्याच पद्धतीने आपल्या इतर रुग्णांना देऊन पाहिले, नोंदी ठेवल्या आणि १९८४ पासून त्या मांडायला सुरुवात केली. मला या सगळ्या कहाणीत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. औषधाचा शोध इलोइलोत लागला होताच. इथे शोध लागला तो एका खेड्यावळणाच्या डॉक्टरच्या अनुभवाला किंमत असू शकते याचा.

पुढे जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या पुढाकाराने रीतसर चाचणी झाली. अशा चाचणीत खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नसते. निकाल एरिथ्रोमायसिनच्या बाजूने लागला. कुदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जो हिशेब प्रसिद्ध केला, तो मी बँकेतल्या सवयीने दोनदा वाचला. पाच वर्षांनंतर जिवंत असलेले रुग्ण: १९७० ते १९७९ या काळात निदान झालेल्यांत ६३ टक्के, १९८० ते १९८४ मध्ये ७२ टक्के, आणि एरिथ्रोमायसिनची पद्धत रुळल्यानंतर, १९८५ ते १९९० मध्ये, ९१ टक्के. नवे यंत्र नाही, नवी शस्त्रक्रिया नाही, नवे औषधसुद्धा नाही.

खरा चक्रावून टाकणारा भाग पुढेच आहे. ज्या स्यूडोमोनास जंतूने हे रुग्ण जात, त्याला एरिथ्रोमायसिन मुळी मारतच नाही. त्याच्यावर ते चालत नाही, हे आधीपासून माहीत होते. शिवाय इतक्या कमी मात्रेत कफात उतरणारे औषध तर त्याच्या खिजगणतीतही नसते. आणि तरी रुग्ण सुधारत होते. कफ तपासला की जंतू तिथेच! माणूस बरा होतोय आणि जंतू जागेवर आहेत, याचा अर्थ एकच: औषध जंतूवर काम करत नव्हते. ते रुग्णाच्या शरीरावर काम करत होते.

हे मला नीट कळले ते बँकेतल्या एका जुन्या प्रसंगामुळे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी तालुक्याच्या एका गावी शाखेत होतो. बाहेरच्या भिंतीवर चोरीची सूचना देणारी मोठी घंटा होती. एका रात्री उंदराने तिची तार कुरतडली आणि घंटा वाजू लागली. गाव जागे झाले. गाव आमच्यावर प्रेम करणारे होते, म्हणून लाठ्या-काठ्या घेऊन धावत आले. कुणी खिडकीची काच फोडली, कुणी व्हरांड्याचे दार उखडले, अंधारात काउंटरवर चढून पलीकडे उड्या मारल्या. खातेवह्या पायाखाली गेल्या, शिपायाची सायकल कुणी नेली ती शेवटपर्यंत सापडली नाही. घंटा थांबेना, तशी शेजारच्या वाडीतूनही माणसे आली. सकाळी पंचनामा झाला. तिजोरीला हात लागलेला नव्हता. उंदराने केलेले नुकसान, चार इंच तार. वाचवायला आलेल्यांनी केलेल्या नुकसानीची यादी दीड पान भरली. वरच्या कार्यालयाकडून पुढले सहा महिने विचारणा येत राहिली, की चोरी झालेली नसताना मोडतोड कशी झाली?

जुनाट सुजलेल्या श्वासनलिकांमध्ये असेच चाललेले असते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी 'न्यूट्रोफिल' नावाच्या पेशी या लाठ्या घेऊन धावणाऱ्या गावकऱ्यांसारख्या. श्वासनलिकेच्या अस्तराने हाक दिली की त्या येतात. त्या हाका म्हणजे काही रसायने असतात. 'इंटरल्यूकिन-८' हे त्यातले ठळक नाव. न्यूट्रोफिलच्या पोटात जंतूंना विरघळवणारी विकरे असतात. ती बाहेर सांडली की जंतूबरोबर नळीची भिंतही झिजवतात. भिंत झिजली की कफ बाहेर ढकलला जात नाही. तो साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात. पुन्हा घंटा, पुन्हा गावकरी. न्यूमोनियासारख्या तातडीच्या संकटात हीच फौज आपला जीव वाचवते. पण वर्षानुवर्षे वाजत राहिलेली घंटा घरच मोडून टाकते. वैद्यकाच्या भाषेत याला दाह म्हणतात.

मॅक्रोलाइड औषधे या घंटेचा आवाज कमी करतात. हाका मारणारी रसायने कमी तयार होतात, न्यूट्रोफिल कमी येतात, विकरे कमी सांडतात, कफही कमी सुटतो. इतकेच नव्हे, पुढे जपानी संशोधकांना असेही दिसले, की स्यूडोमोनास मरत नसला, तरी त्याची आपसातली बोलणी बिघडतात. हे जंतू रासायनिक खुणांनी एकमेकांची संख्या अजमावतात आणि पुरेसे जमले की एकजुटीने विष सोडतात, चिकट थर बांधून त्याखाली बसतात. मॅक्रोलाइडमुळे ही कुजबूज मंदावते. उंदीर जिवंत आहे. पण पूर्वीसारखा माजलेला नाही, असे म्हणा. गंमत अशी, की घराण्यातल्या सगळ्याच भावंडांना ही विद्या येत नाही. ज्यांच्या कड्यात चौदा किंवा पंधरा अणू आहेत, त्यांनाच येते. सोळा अणूंची औषधे जंतू मारतात, पण या कामाला उपयोगी पडत नाहीत.

पंधरा अणूंचे भावंड म्हणजे आपल्या डब्यातली गोळी. ती बनली १९८० साली, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या, आताच्या क्रोएशियातल्या झाग्रेब शहरात, 'प्लिव्हा' कंपनीच्या प्रयोगशाळेत. ती पोटाला सोसते आणि शरीरात दीर्घकाळ टिकते. विशेष म्हणजे रक्तापेक्षा पांढऱ्या पेशींच्या आत ती कितीतरी पटींनी साठते. जिथे काम करायचे तिथेच जाऊन बसते, म्हणून रोज न घेता आठवड्यातून तीनदा घेतली तरी भागते.

पाश्चात्त्य जगाला हे सगळे पटायला वेळ लागला. पण मग चाचण्यांची रांग लागली. ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या फुगून ढिल्या पडतात, त्या 'ब्राँकिएक्टॅसिस'वर २०१२ आणि २०१३ साली न्यूझीलंड, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियात तीन चाचण्या झाल्या. तिन्हींमध्ये आजार उसळण्याचे प्रमाण घटले. ऑस्ट्रेलियात ४२० दमेकऱ्यांवरची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. नेहमीचे फवारे घेऊनही ज्यांचा दमा आटोक्यात नव्हता, त्यांना वर्षाला सरासरी १.८६ वेळा झटके येत, ते या गोळीने १.०७ वर आले. सीओपीडी, म्हणजे धुराने गंजलेल्या फुप्फुसांचा आजार, त्यावर अमेरिकेत ११४२ रुग्णांची चाचणी झाली. २०११ साली निकाल आला. खोटी गोळी घेणाऱ्यांचा आजार साधारण १७४ दिवसांनी पुन्हा उसळला, खरी गोळी घेणाऱ्यांचा २६६ दिवसांनी. पुढे आकडे अधिक बारकाईने पाहिल्यावर ध्यानात आले, की जे अजूनही सिगारेट ओढत होते त्यांना काही फायदा झाल्याचे दिसत नाही. घंटेचा आवाज कमी करायचा आणि दुसऱ्या हाताने ती बडवत राहायचे, असे कसे चालेल?

धुराचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी पाव ते जवळजवळ निम्म्या हिश्शाच्या मधले, म्हणजे २५ ते ४५ टक्के, लोक कधीच धूम्रपान न केलेले असतात. चुलीपुढे जन्म काढलेल्या आपल्या आया-आज्यांना हे कुणी सांगायला नको. फुंकणीने फुंकर घालताना त्यांचे पाणावलेले डोळे आपल्याला दिसत. आत छातीत काय होत होते, ते कोण पाहणार!

आता घरची गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना टीबीने आजारी पडली. ते साल १९७१. मी तेव्हा लहान होतो. तिला रोज इंजेक्शन द्यायला कंपाउंडर येत आणि आई त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवी एवढे आठवते. आक्का बरी झाली, लग्न झाले, मुलगा झाला, शाळेत शिकवून निवृत्त झाली. टीबी गेला, पण जाताना डाव्या फुप्फुसाच्या नळ्या ढिल्या करून गेला. ब्राँकिएक्टॅसिस. आपल्याकडे ही फार नेहमीची गोष्ट आहे. भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २१९५ रुग्णांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, त्यात या आजाराचे सर्वांत मोठे कारण पूर्वीचा टीबी हेच निघाले, ३५.५ टक्के. युरोपातली पुस्तके वाचून हे कळत नाही.

यजमान गेल्यावर आक्का आमच्याकडे पुण्याला राहायला आली. वर्षभरात तिला तीनदा इस्पितळात ठेवावे लागले. तिसऱ्या खेपेनंतर छातीच्या डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन लिहून दिले, सोमवार, बुधवार, शुक्रवार, निदान सहा महिने. त्या रात्री बंगळुरूहून तिच्या मुलाचा फोन आला.

"मामा, वर्षभर अँटिबायोटिक? तुम्ही विचारलंत का त्यांना? कोर्स पूर्ण करा आणि थांबा, असं सगळीकडे सांगतात, आणि हे म्हणतात घेत राहा?"

प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी तो तसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवला. तरुण माणूस, पण चिडला नाही. म्हणाला, "काका, हे औषध मी आजींना अँटिबायोटिक म्हणून देतच नाहीये. पण ते अँटिबायोटिक आहे, हे विसरूनही चालणार नाही. म्हणून आधी तपासण्या."

त्या तपासण्यांची यादी मी मुद्दाम सांगतो, कारण गोळी घ्यायची की नाही यापेक्षा ती यादीच महत्त्वाची आहे. पहिली हृदयाची, ईसीजी. ही औषधे काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली तसा इशाराच दिला. सोबत दुसरी कोणती औषधे चालू आहेत, तेही विचारले, कारण काही औषधे जोडीने घेतली की हा धोका वाढतो. दुसरी कानांची. त्याच अमेरिकन चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी २५ टक्के लोकांची ऐकण्याची क्षमता घटलेली आढळली. खोटी गोळी घेणाऱ्यांतही २० टक्क्यांची घटली होती, कारण वय कुणाला चुकले आहे? पण मधला फरक औषधाच्या खात्यावर टाकावा लागतो. तिसरी तपासणी कफाची, आणि आपल्याकडे ती सर्वांत मोलाची. टीबी परत आला नाही ना, हे पाहायचेच. शिवाय टीबीच्या जंतूचे काही चुलतभाऊ असतात, ते जुन्या पोकळ नळ्यांत येऊन राहतात. त्यांच्यावर मॅक्रोलाइड हे मुख्य हत्यार. ते इतर औषधांसोबत द्यायचे असते; एकटे दिले तर ते जंतू त्याला सरावतात आणि हत्यार कायमचे बोथट होते. तेव्हा ते आधी नाहीत ना, याची खात्री हवी.

तिन्ही तपासण्या ठीक आल्या आणि गोळी सुरू झाली. आक्काने शाळामास्तरणीच्या शिस्तीने वही घातली. तारीख, गोळी, कफ किती, खोकला किती, जिना चढताना कुठल्या पायरीवर थांबले. पहिल्या महिन्यात पोट ढवळे. 'गोळी खोकल्याची आणि गडबड पोटात,' असे ती म्हणायची. फरक लगेच पडला नाही. तिसऱ्या महिन्यात वहीतल्या कफाच्या रकान्यात 'अर्धी वाटी'च्या जागी 'दोन चमचे' आले. त्या वर्षी तिला इस्पितळात एकदाच जावे लागले, तेही पावसाळ्यात. आकडा लहान आहे, एका माणसाचा आहे; त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण आक्का त्या दिवाळीत रात्री अकरापर्यंत चकल्या तळत बसली होती, आणि भाचा जिन्यात उभा राहून ते नुसते पाहत होता.

हे वाचून कुणी जुनाट खोकल्यावर आपणच ही गोळी चालू करू नये, ही विनंती. मी केमिस्टच्या दुकानात उभे राहून जे पाहतो, त्यामुळे ही विनंती करावी लागते. परवाच एक गृहस्थ आले, सर्दी म्हणाले, आणि चिठ्ठीबिठ्ठी काही न दाखवता दोन गोळ्या कापून घेऊन गेले. दोनच! साधी सर्दी विषाणूने होते, तिथे ही गोळी कुणाशी लढणार? ती लढते ते आपल्या घशात, आतड्यात शांतपणे राहणाऱ्या जंतूंशी. त्यातले दुबळे मरतात, सोकावलेले उरतात आणि ते खोकण्या-शिंकण्यातून, हातांतून दुसऱ्याकडे जातात. आक्काच्या घशातही असे सरावलेले जंतू आता असणार, ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत तेच दिसले होते. तिच्या बाबतीत डॉक्टरांनी ती किंमत मोजून घेतली आहे, वर्षातून तीन इस्पितळे वाचवण्यासाठी. सर्दीवाल्या गृहस्थांनी कशासाठी मोजली?

करोनाच्या साथीत तर या गोळीचा सुकाळच झाला. २०२० साली घरोघरी जे औषधांचे पाकीट फिरत होते, त्यात ती असायचीच. दाह कमी करते ना, मग करोनाच्या दाहातही करील, असा तर्क होता. तर्क सुंदर होता. २०२१ साली ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक इस्पितळातल्या रुग्णांवरची, दुसरी घरी राहिलेल्यांवरची. दोन्हींत काही उपयोग दिसला नाही. वर्षानुवर्षे मंद वाजणारी घंटा वेगळी आणि एका रात्रीत पेटलेले रान वेगळे. मियाझावांच्या रुग्णाने औषध दोन वर्षांहून अधिक काळ घेतले होते, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात असणार?

संशोधकांनाही ही अडचण जाणवते. दाह शमवायचा गुण ठेवून जंतू मारायचा गुण काढून टाकता आला तर? मग जंतू सरावण्याची धास्तीच नको. जपानच्या कितासातो संस्थेतले सातोशी ओमुरा, ज्यांना २०१५ साली दुसऱ्या एका मातीतल्या औषधासाठी नोबेल मिळाले, त्यांच्या गटाने एरिथ्रोमायसिनचे असे रेणू तयार केले. प्रयोगशाळेत ते चालले. रुग्णाच्या उशाशी पोहोचलेले नाहीत. मात्र दुसऱ्या वाटेने एक औषध पोहोचले आहे. २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ब्राँकिएक्टॅसिससाठी 'ब्रेन्सोकॅटिब' या गोळीला मान्यता मिळाली. ती अँटिबायोटिक नाही. न्यूट्रोफिलच्या पोटातली ती भिंती झिजवणारी विकरे सज्ज होतानाच अडवते. म्हणजे गावकरी येतात, पण हातात लाठ्या नसतात. या आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेले हे पहिलेच औषध.

भाच्याने ती बातमी मला त्याच रात्री पाठवली. खाली लिहिले होते, 'मामा, आईसाठी विचारा.' विचारले. डॉक्टरांनी बातमी पूर्ण वाचली, किमतीच्या आकड्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे वापरायची वेळ येईल तेव्हा बघू, काका. सध्या आजींच्या कानांची तपासणी राहिलीय, ती या आठवड्यात करून घ्या."